टेपमधलं मामांचं डावं

आमच्या घरात स्टिरिओ आला तो म्हशींच्या जिवावर.

चौसाळ्याला माझं सासर. हमरस्त्याकडं तोंड करून किराणा दुकान, दुकानामागं घर आणि घरामागं गोठा. दुकान सासऱ्यांचं. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं मामा म्हणायची. गोठा सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा. तिथं मामांनाही विचारल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नव्हती. आत्याबाई गावातल्या सहकारी दूध संस्थेच्या सभासद होत्या. वर्षभरात सगळ्यात जास्त दूध जो घालील त्याला संस्था वार्षिक सभेत बक्षीस द्यायची. एरवी हे बक्षीस मोठ्या बागाईतदारांच्या घरात जायचं. पण ते साल दुष्काळाचं होतं. विहिरी आटल्या, हिरवा चारा दिसेनासा झाला आणि बागाईतदारांच्या म्हशीही आटल्या. आत्याबाईंनी मात्र आदल्या सालचा कडबा राखून ठेवला होता. कितीजण मागायला आले, नडले, रुसले, पण त्यांनी एक पेंडी हलू दिली नाही. त्यांच्या म्हशी तेवढ्या दूध देत राहिल्या आणि सभेत पहिल्या नंबराला त्यांचं नाव पुकारलं गेलं.

पहिलं बक्षीस होतं कॅसेटचा स्टिरिओ, दोन मोठ्या बॉक्सांसकट. दुसरं बक्षीस होतं दुधासाठी स्टीलचे दोन कॅन. आत्याबाईंचा सगळा जीव त्या कॅनवर. स्टेजवर चढल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चेअरमनसाहेबांना सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मला त्ये दोन नंबरचं दिलं तर न्हाई का चालायचं?"

सभा हसायला लागली. चेअरमन म्हणाले, "आत्या, हे लई भारी हाय. शहरातून आणलंय."

"आसंल की. पर ह्याच्यात दूध कसं न्यावं?"

चेअरमन खरोखर बदलून द्यायलाही तयार झाले. पण दुसऱ्या नंबरवाला गडी धोरणी. आपले कॅन उचलून, सायकलीला अडकवून तो टाळ्या थांबायच्या आत निघून गेला होता. त्यालाही कळलं असणार की दुष्काळात कॅन म्हणजे पाणी साठवायची दोन भांडी.

अशा रीतीनं स्टिरिओ आमच्याकडं आला. तो जोडायचं काम यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोठ्या थाटात केलं. दुकानातली मधली फळी रिकामी करून तिच्यावर मशीन ठेवायचा त्यांचा विचार होता. आत्याबाई म्हणाल्या, बक्षीस माझं, ते घरात राहील. मग आतल्या खोलीत, मांडणीच्या दोन बाजूंना दोन स्टुलं ठेवून बॉक्स मांडले. मशीन मधोमध. हे वायरी जोडत होते, मी बॅटरी धरून उभी होते आणि शेजारचे लोक दारात गोळा झाले होते. पहिली कॅसेट लागली तेव्हा सगळ्यांनी "वा, वा" केलं. आवाज स्वच्छ होता, मोठाही होता. टाळ वाजला की शेजारच्या घरातला माणूस वळून बघायचा. त्या दिवशी तरी कुणाला काही कमी आहे असं वाटलं नाही.

कमी काय आहे ते मामांना जाणवलं. आणि मामांना तर ऐकूच येत नव्हतं.

म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. माझं लग्न व्हायच्या बऱ्याच आधी त्यांचे कान चांगले होते. नंतर हळूहळू बारीक आवाज जायला लागले. आधी चिमण्या गेल्या, मग भांड्यांचा आवाज, मग पोरांचं आणि बायकांचं बोलणं. जड आवाज मात्र शाबूत होते. दुकानात बसल्या बसल्या रस्त्यावरून कोणता ट्रक गेला, भरलेला की रिकामा, हे ते पाठ करून बसूनही सांगायचे. पण समोर पोरगी उभी राहून खडीसाखर मागायला लागली की तिच्या हातात काडेपेटी द्यायचे. त्यामुळं दुपारी मी त्यांच्याजवळ दुकानात बसायला लागले. गिऱ्हाईक माझ्याशी बोलायचं आणि मी मामांना जवळ जाऊन, आवाज जाड करून सांगायची. मला पुरुषासारखा आवाज काढून "पावशेर शेंगदाणे" म्हणताना ऐकून गिऱ्हाईकं हसायची. मामाही हसायचे. "सूनबाई, तुझा आवाज तेवढा येतो बग मला," म्हणायचे.

कान जायच्या आधी मामा पखवाज वाजवायचे. आमच्या भजनी मंडळाचा पखवाज म्हणजे तेच. दर साली कपिलधारच्या यात्रेला मंडळ जायचं आणि तिथं धबधब्याखाली अंघोळी झाल्या की देवळापुढं भजन व्हायचं. मामांचा डावा हात लोक वाखाणायचे. पखवाजाचं उजवं पान टणक बोलतं, डावं पान घुमतं. डाव्यावर भिजवलेल्या कणकेचा थापा लावतात म्हणून तो आवाज खोल, पोटातून आल्यासारखा येतो. "उजवं कुनीबी वाजवतंय, डावं ह्यांनी वाजवावं," असं मंडळातले म्हातारे म्हणायचे. हे मी ऐकलेलं. मी या घरात आले तेव्हा पखवाज खुंटीला लागला होता. कान गेले तसे ठेका सुटायला लागला, एकदोनदा गाणारे थांबले, आणि मामांनी पखवाजाला कापडाची गवसणी चढवून टाकली.

एका यात्रेतलं त्यांचं भजन लातूरकडच्या कुणा भक्तानं चांगल्या मशीनवर भरून घेतलं होतं. त्यानं पुढं एक कॅसेट आठवणीनं पाठवून दिली. घरात वाजवायला काही नव्हतं म्हणून ती दुकानात देवाच्या फळीवर उदबत्त्यांच्या शेजारी पडून होती. स्टिरिओ आला तेव्हा मामांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली आणि यांच्या हातात दिली.

टेप सुरू झाली. टाळ आले, झांज आली, गाणाऱ्याचा चढा सूर आला. मामा बॉक्सापुढं, अगदी हाताच्या अंतरावर मांडी घालून बसले होते. मान डोलवत नव्हते. बराच वेळ ऐकून त्यांनी यांना विचारलं, "पखवाज कुठाय?"

"वाजतोय की, दादा. टक टक येतंय न्हाई का?"

"त्ये उजवं आसंल. डावं कुठाय?"

आम्ही सगळे कान देऊन ऐकायला लागलो. खरंच, डावं नव्हतं. उजव्या पानाची टकटक होती, तीही टाळात बुडालेली. जिथं घुमारा यायला हवा तिथं नुसती फुस्स अशी हवा. यांनी बेसचं बटन पूर्ण फिरवलं. बॉक्सांच्या जाळ्या थरथरायला लागल्या, पण घुमारा काही आला नाही.

मामा म्हणाले, "र्‍हाऊ दे. बंद कर."

मला वाटलं, आपल्याला ऐकू येत नाही याचं त्यांना वाईट वाटलं. दोन-तीन दिवसांनी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना ते आपणहून बोलले. "सूनबाई, मी इतकी वर्सं वाजवलं. लोक म्हनायचे, डावं लई ग्वाड हाय. मला आता वाटाया लागलंय, लोक आपले मन राखून बोलत आसतील. टेप काय खोटं बोलती का?"

मी जाड आवाजात म्हणाले, "मामा, मशीनमधी कायतरी कमी हाय."

"मशीन नवं हाय," ते म्हणाले.

तेव्हा मी ठरवलं की त्या बॉक्सांतून बेस काढल्याशिवाय सोडायचं नाही.

या कामात आमचा मुख्य सल्लागार म्हणजे यांचा मित्र, गावातला मंडपवाला. लग्नाला, भाषणाला लाउडस्पीकर तोच लावायचा आणि आवाजातलं सगळं आपल्याला कळतं असं त्याचं म्हणणं होतं. ते बरंचसं खरंही होतं. तो आला, टेप ऐकली आणि म्हणाला, "वैनी, बॉक्स भिताडापासून लांब ठिवलेत कावून? बेस कोपऱ्यात वाढतो. दोनीबी बॉक्स एका कोपऱ्यात ठिवा, एकावर एक."

आम्ही ठेवले. होता नव्हता तो बेसही गेला. आता आवाज असा यायचा की गाणारा माणूस पत्र्याच्या डब्यात बसलाय. मंडपवाला डोकं खाजवायला लागला. "आसं व्हाया न्हाई पायजे," असं त्यानं तीनतीनदा म्हटलं. त्याचा चेहरा इतका पडला की आत्याबाईंनी त्याला चहा करून दिला. पाण्याच्या टंचाईत आत्याबाईंचा चहा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

दुसऱ्या खेपेला त्यानं माठाची युक्ती काढली. बॉक्स खोलायचा, आतला स्पीकर काढायचा आणि मोठ्या माठाच्या तोंडावर बसवायचा. "माठात आवाज घुमतो. आमी पोरं आसताना रेडिओला आसंच करायचो."

आत्याबाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "पान्याच्या भांड्याला हात लावला तर हात मोडीन."

हे मात्र शब्दशः घ्यायचं होतं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, कधी एकदाच. घरातलं प्रत्येक भांडं, पिंप, घागर, अगदी पोळ्यांचा डबासुद्धा पाण्याला लावलेला. शेवटी गोठ्यात पडलेला एक चिरलेला रांजण सापडला. तो पाण्याच्या कामाचा नव्हता म्हणून परवानगी मिळाली. आम्ही तो खोलीत आणला, चिरेला शेणमाती लावली, स्पीकर तोंडावर बसवला. टेप लावली. एका बाजूनं गाणारा नेहमीसारखा, दुसऱ्या बाजूनं तोच गाणारा विहिरीत पडून हाका मारतोय असा. शेजारची लहान मुलगी घाबरून रडायला लागली. मामांनी कानावर तळवा धरला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मानूस घुमतोय. पखवाज न्हाई घुमत."

स्पीकर परत बॉक्सात गेला. मग मी माझ्या डोक्यानं यांच्या उशीतला कापूस काढून बॉक्सात भरून बघितला. त्यानं जाळ्यांची थरथर थांबली, एवढाच फायदा. उशी मात्र पातळ झाली आणि यांची मान अवघडली. हे म्हणाले, "अगं, आता पुरं कर. तुझ्या बेसापायी माझी मान चालली." मी म्हटलं, एक उन्हाळा मान वाकडी राहिली तर काही बिघडत नाही, दुकानात बसायला सरळ मान लागत नाही. त्यांनी स्वतःची उशी मात्र लपवून ठेवायला सुरुवात केली.

असं करता करता उन्हाळा चढला. आत्याबाईंचा राखलेला कडबाही संपत आला. दूध संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली आणि आत्याबाईंनी म्हशी तिकडं न्यायचं ठरवलं. जनावराजवळ घरचं माणूस लागायचं. त्या स्वतःच जाऊन राहणार होत्या. गोठा रिकामा होणार म्हणून गोठ्यातली पाण्याची पिंपं त्यांनी घरात आणायला सांगितली. नाहीतर रिकाम्या गोठ्यातून पाणी चोरीला जाईल. तसं जात होतंही. आमच्या गल्लीत त्या साली सोनं उघड्यावर राहिलं असतं, पण पिंपाला कुलूप असायचं.

त्याच दिवशी दुपारी टँकर आला. मी आणि हे पिंपं आत ओढत होतो. खोलीत जागा नव्हती. डाव्या बाजूचं स्टूल हलवल्याशिवाय पिंप बसेना. लाईट होती म्हणून मामांनी आपली टेप लावून ठेवली होती. रोज लावायचे ते. डावं येत नाही हे माहीत असून लावायचे आणि बॉक्सापुढं बसायचे. यांनी स्टूल ओढलं, वायर ताणली गेली आणि त्या बॉक्सामागून निसटली. तो बॉक्स मुका झाला.

आणि मामा ओरडले, "आलं!"

हे पिंप सोडून धावले. त्यांना वाटलं टँकरच्या पाण्याबद्दल काही आहे. मामा उजव्या बॉक्सावर पंजा ठेवून बसले होते. "आलं, डावं आलं! ऐक!"

मी हातातली घागर खाली ठेवली. ऐकलं. एकाच बॉक्सातून आवाज येत होता, म्हणून एकूण कमी होता. पण टाळाच्या खालून, अगदी स्पष्ट, तो घुमारा येत होता. धुम्, आणि मग घसरत जाणारा धूंऽ. इतके दिवस जो आवाज आम्ही दोन बॉक्सांतून काढायला धडपडत होतो तो एका बॉक्सातून आपोआप येत होता.

यांनी निसटलेली वायर परत लावली. डावं गेलं. काढली. आलं. हे म्हणाले, "मंजे ह्यो बॉक्स खराब हाय. ह्यो दुसऱ्याचा बेस खातोय." मलाही तसंच वाटलं. म्हणून मी म्हटलं, आता उलटं करून बघू. चांगल्या बॉक्साची वायर काढली आणि खराब बॉक्साची लावली. तर त्यातूनही डावं तेवढंच चांगलं आलं.

आता आम्ही तिघंही एकमेकांकडं बघायला लागलो. एक एकटा लावला की ठीक. दुसरा एकटा लावला की ठीक. दोन्ही लावले की डावं गायब.

आत्याबाई पिंपावर झाकण ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, "जावाजावांसारखं हाय. येकली येकली आली की ग्वाड बोलती. दोगी येका घरात आल्या की कुनाचंच काम व्हत न्हाई."

सगळे हसले. पण माझ्या डोक्यात त्यांचं बोलणं अडकून राहिलं. माझं माहेर केजचं. लहानपणी आई आणि काकू समोरासमोर बसून एका जात्यावर दळायच्या. एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं, खुंटा फिरत राहायचा. पण कधी भांडण झालेलं असलं आणि एकीचं लक्ष नसलं, की दोघी एकाच वेळी आपल्याकडं ओढायच्या आणि जातं जागच्या जागी थांबायचं. जोर दोघींचाही पूर्ण. पीठ नाही. हे दोन बॉक्सही असंच काही करत असतील का? एक पुढं ढकलतोय तेव्हा दुसरा मागं ओढतोय?

मी बॉक्साच्या मागं वाकून बघितलं. तिथं दोन खटके होते, एक लाल, एक काळा. वायरीच्या दोन तारांपैकी एकीवर बारीक काळी रेघ होती. एका बॉक्सात रेघेची तार काळ्या खटक्यात होती. दुसऱ्यात रेघेची तार लाल खटक्यात.

"अहो," मी म्हटलं, "हे तुम्ही जोडलंत ना?"

"मीच जोडलं. का?"

"ह्याच्यात रेघ काळ्यात हाय, त्याच्यात लालात हाय."

"त्यानं काय व्हतंय? आवाज तर येतोय."

मी चुकीच्या बॉक्साच्या तारा काढल्या, अदलाबदल केली, खटके दाबले आणि टेप मागं घेतली.

पहिल्या ठेक्याला मांडणीवरचे स्टीलचे पेले हलले. दुसऱ्या ठेक्याला भरलेल्या पिंपातलं पाणी गोल गोल थरथरलं. असा घुमारा की छातीत जाणवावा. आत्याबाई दोन्ही हातांनी पिंपाचं झाकण दाबून उभ्या राहिल्या, पाणी सांडेल म्हणून. हे तोंड उघडं ठेवून बॉक्साकडं बघत होते. मी मामांकडं बघितलं.

त्यांचे डोळे मिटले होते. डावा हात मांडीवर आपोआप पडत होता, टेपमधल्या हाताबरोबर. एक भजन संपलं, दुसरं सुरू झालं. मध्येच त्यांचा हात थांबला, कपाळाला आठी पडली आणि डोळे उघडून ते म्हणाले, "पळतोय की ह्यो!"

"कोन?"

"मीच! कडव्याच्या शेवटाला पळतोय. गानाऱ्याला दम खाऊ देत न्हाई. त्येला कुनी सांगितलं कसं न्हाई त्या येळी?" आणि मग इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. "डावं ग्वाड हाय, पर गडी घाईचा हाय!"

संध्याकाळी मंडपवाला आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं स्वतःच्या हातानं तारा उलट्या केल्या, सरळ केल्या, परत उलट्या केल्या आणि खात्री पटल्यावर म्हणाला, "वैनी, आता त्ये कोपऱ्यात ठिवून बगा." ठेवले. कोपऱ्यात बेस खरोखरच वाढला. त्याला केवढा आनंद झाला! त्याचं म्हणणं पहिल्यापासून बरोबरच होतं. त्यानं यांच्या पाठीवर थाप मारली. "तूच वायर उलटी लावलीस बे, आन् मी म्हैनाभर झोपलो न्हाई!" हे म्हणाले, "माझी उशी गेली, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी आत्याबाई म्हशी घेऊन छावणीवर गेल्या. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. मामा दाराशी येऊन उभे राहिले. हातात खुंटीवरचा पखवाज. गवसणी काढलेली.

"सूनबाई, मूठभर कनीक दे. जरा सैल भिजीव."

मी दिली. त्यांनी ओसरीवर बसून डाव्या पानावर थापा लावला, बोटानं कडा सारख्या केल्या, दोऱ्या ताणल्या, त्यांच्याखालचे लाकडी गठ्ठे ठोकले. त्यांचं ठोकणं ऐकून शेजारचे दोघंतिघं आले. मामांनी आधी आत जाऊन टेप लावली आणि बॉक्स ओसरीकडं वळवून टेपबरोबर वाजवायला बसले. स्वतःच्याच जुन्या हाताशी जुळवून घेत होते. टाळ त्यांना ऐकू येत नव्हता, पण टेपमधलं डावं येत होतं आणि त्याच्यावर ते नेम धरत होते. जिथं टेपमधला मामा पळायचा तिथं ओसरीवरचा मामा मुद्दाम मागं राहायचा आणि आमच्याकडं बघून डोळे मिचकावायचा.

छावणीवर संध्याकाळी लोकांना काम नसायचं. जनावरांना चारापाणी झालं की माणसं खाटा-बाजा टाकून बसायची. अशा वेळी बोलायला विषय एकच, पाऊस, आणि तो बोलून बोलून संपलेला. मंडळातले जुने गाणारेही आपापली जनावरं घेऊन तिथंच होते. मामांनी पखवाज घेऊन तिकडं जायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी मी जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. गाणारे थोडे बिचकत होते. मागचं त्यांना आठवत होतं. मामांनीच तोड काढली. मुख्य गाणाऱ्याला म्हणाले, "तू माझ्या म्होरं बस. गुडघा माझ्या गुडघ्याला लाव. आन् गुडघ्यावर ठेका धर." गाणाऱ्यानं तसं केलं. टाळ ऐकू येवो न येवो, गुडघा तर कळत होता. दोन भजनं झाली, ठेका कुठंही सुटला नाही, आणि माळावरच्या बाजा एकेक करून जवळ सरकायला लागल्या. डब्यातल्या भाकरी तशाच राहिल्या. त्या मी परत नेल्या नाहीत. ज्यांच्या घरून त्या दिवशी डबा आला नव्हता त्यांनी खाल्ल्या.

आत्याबाईंना हे सगळं फारसं पसंत नव्हतं. "म्हसरं बिचकत्यात, दूध चोरत्यात," म्हणायच्या. पण म्हशी काही बिचकल्या नाहीत. उलट छावणीतल्या दुधाची गाडी सकाळी संस्थेत गेली की तिथले लोक रात्री भजन झालं का म्हणून विचारायचे. पुढं पुढं संस्थेनंच एक कंदील आणि बसायला सतरंजी पाठवली. सतरंजीवर आत्याबाई सगळ्यात पुढं बसायच्या. विचारलं की सांगायच्या, "इथून म्हशींवर नजर र्‍हाती."

छावणी मोडायच्या आधी यांच्या मनात आलं की हे भजन आपल्या मशीनवर भरून घ्यावं. मंडपवाल्यानं जनरेटर आणला, माइक आणला, आणि सगळी जुळवाजुळव करून एका संध्याकाळी पूर्ण कॅसेट भरली. तारा त्यानं यांना लावू दिल्या नाहीत. माझ्याकडून लावून घेतल्या. माइक मामांच्या डाव्या बाजूला ठेवला होता, त्यामुळं त्या कॅसेटमधलं डावं असं काही उतरलंय की नंतर आसपासच्या गावांतून लोक ती मागायला यायचे. दुकानात कुणी विचारलं तर मामा आतल्या खोलीत जाऊन ती कॅसेट लावायचे आणि त्यांना ऐकू आलं नाही म्हणून कुणी जोरात बोललं तरी आधी भजन संपू द्यायचे. गिऱ्हाईक उभं राहायचं बिचारं.

त्या कॅसेटमध्ये, दुसऱ्या बाजूला, गाणारा अगदी वरच्या सुरात गेलेला असताना एका बाईचा आवाज येतो. "आरं ए! त्यो कडबा आमच्या म्हशीचा हाय! ठिव त्ये खाली!" पखवाज एक मात्राही न चुकता चालू राहतो. मामांना ते ऐकूच आलं नव्हतं.

कॅसेट घरात लागली की आत्याबाईंना ती जागा बरोबर माहीत असायची. ती यायच्या थोडं आधी त्या उठायच्या आणि काहीतरी कामाचं निमित्त काढून गोठ्याकडं चालायला लागायच्या. आम्ही हसायला लागलो की दारातूनच म्हणायच्या, "हसा. पर त्यानं कडबा खाली ठिवला का न्हाई, त्ये इचारा."